सोमलाचे औषध करणारे डॉ. पॉल एर्लिख



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणा ना कोणा थोर व्यक्तीचे चरित्र असते. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, डॉक्टर आनंदीबाई यांच्यावर आपल्यातल्याच भगिनींनी फार चांगले लिहिले. यंदा अध्यक्षाबाईंनी ते काम माझ्यावर टाकले, तेव्हा मी खूप आढेवेढे घेतले. मी सातवी पास. माझा हात लेखणीपेक्षा लाटण्याला सरावलेला. पण त्यांनी ऐकले नाही. मग मनात आले, लिहायचेच तर ज्याचे आपल्या घरावर ऋण आहे त्याच्यावर लिहावे. तो माणूस आपल्या देशातला नाही, आणि त्याला जाऊनही शंभरावर वर्षे झाली. तरी त्याचे नाव आमच्या घरात आता घरच्या माणसासारखे निघते.

हे कसे झाले ते आधी थोडक्यात सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. अंगावर न लागता काळेनिळे डाग उठले. आम्हाला वाटले, अशक्तपणा असेल. रक्त तपासले तेव्हा रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी धीर दिला की, या रोगाचे पुष्कळ प्रकार आहेत, त्यातला हा प्रकार वेळीच औषध केले तर बरा होणारा आहे. रोज कॅप्सूल घ्यायच्या आणि रोज दोन तास शिरेतून औषध सोडायचे. माझ्या मुलीने औषधाचे नाव वाचले आणि ती गप्प झाली. ती औषधशास्त्राचा अभ्यास करते. मी खोदून विचारले तेव्हा म्हणाली, आई, हा सोमल आहे.

सोमल म्हणजे काय हे आमच्या सासूबाईंना चांगले ठाऊक. त्यांच्या माहेरी उंदरांसाठी सोमल आणत, आणि ती पुडी मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच कोनाड्यात ठेवत. घरच्या सुनेच्या शिरेत सोमल सोडायचा, या कल्पनेनेच त्यांनी डोक्याला हात लावला. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवले नाही. सकाळी मी आणि दीर पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आम्हाला बसवून घेतले आणि सांगितले की, विषाला नेमके आणि मोजून वापरून त्याचे औषध करायचे, ही विद्या आता शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि ती एका जर्मन डॉक्टरने घालून दिली आहे. त्याचे नाव पॉल एर्लिख. पुढे जावेच्या उशाशी बसून कितीतरी दुपारी काढल्या. तेव्हा मुलगी इंग्रजी पुस्तकांतून वाची आणि मला मराठीत सांगे. तेच मी माझ्या शब्दांत पुढे मांडते.

पॉल एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी श्ट्रेलेन या लहानशा गावी झाला. तेव्हा ते गाव प्रशियाच्या राज्यात होते, आज ते पोलंड देशात आहे. घराणे ज्यू धर्माचे. वडील मद्य गाळण्याचा व विकण्याचा धंदा करीत. शिक्षणासाठी मुलाला ब्रेस्लाउ शहरी ठेवले होते. त्यांच्या आईच्या माहेरचे कार्ल वाइगर्ट हे नात्याने भाऊ, वयाने नऊ वर्षांनी वडील आणि पेशाने डॉक्टर. त्या काळी जर्मनीत कापड रंगवण्याचे नवे नवे कृत्रिम रंग निघाले होते. वाइगर्ट ते रंग कापडाऐवजी शरीराच्या पातळ कापांना लावून सूक्ष्मदर्शकातून बघत. मुलाला ते पाहून जो नाद लागला तो जन्मभर सुटला नाही.

आपण बायका रंगाची गोष्ट चटकन समजू शकतो. हळदीचा हात सुती लुगड्याला लागला तर डाग जाता जात नाही, स्टीलच्या ताटाला लागला तर पाण्याने निघून जातो. एकच हळद, पण एका वस्तूला धरते, दुसरीला धरत नाही. एर्लिख यांनी हीच गोष्ट शरीरात पाहिली. आपले शरीर अगदी बारीक बारीक पेशींचे बनलेले असते. एक रंग एका जातीच्या पेशीला धरतो, शेजारच्या पेशीला शिवतही नाही. कॉलेजात असताना ते सदा रंगात बुडलेले असत. बोटे निळी, पिवळी, तांबडी. चारचौघांसारखा पाठांतराचा अभ्यास त्यांना कधी जमला नाही. तरी १८७८ साली लाइपझिग विद्यापीठाची डॉक्टरकी त्यांनी मिळवली, आणि प्रबंधाचा विषयही रंगांचाच होता.

पुढे बर्लिनच्या शारिते या मोठ्या इस्पितळात त्यांना काम मिळाले. आज आपण रक्त तपासायला देतो आणि पांढऱ्या पेशी किती, कोणत्या जातीच्या किती, असा कागद हातात येतो. त्या पांढऱ्या पेशींच्या जाती रंगांवरून वेगळ्या ओळखण्याची रीत एर्लिख यांनी बसवली. माझ्या जावेचा रोग ज्या तपासणीत पहिल्यांदा दिसला, तिची मुळे तिथे आहेत हे कळल्यावर मला फार नवल वाटले.

१८८२ सालच्या मार्च महिन्यात रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधून काढल्याचे बर्लिनच्या सभेत जाहीर केले. एर्लिख त्या सभेला हजर होते. ते तडक प्रयोगशाळेत गेले आणि ते जंतू अधिक स्पष्ट रंगवण्याच्या खटपटीला लागले. असे सांगतात की, रंग लावलेल्या काचा त्यांनी वाळण्यासाठी थंड शेगडीवर ठेवल्या आणि ते घरी गेले. सकाळी झाडलोट करणाऱ्या बाईने नेहमीप्रमाणे शेगडी पेटवली. हे धावत आले, त्यांना वाटले सगळे जळाले. पाहतात तो ऊब लागून रंग असा पक्का बसला होता की जंतू ठसठशीत दिसत होते. त्या बाईचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पण माझ्या मनात तिच्याविषयी आदर आहे.

१८८३ साली त्यांचा विवाह हेडविग पिंकस यांच्याशी झाला. त्या वेळी हेडविग एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या माहेरी तागाच्या कापडाचा मोठा कारखाना होता. एर्लिख दांपत्याला स्टेफनी आणि मरिआना अशा दोन मुली झाल्या. संसार हेडविगबाईंनी ओढला असेच म्हणावे लागेल. कारण नवरा कमालीचा विसराळू. दिवसाला वीस-पंचवीस चिरूट ओढी, चिरुटांची पेटी काखेत मारूनच हिंडे. जेवणाकडे लक्ष नसे. मनात विचार आला की हाती लागेल त्यावर लिहून काढी, मग तो शर्टाच्या बाहीचा कफ असो की टेबलावरचे कापड असो. ते डाग काढताना त्या घरातल्या बायकांना काय वाटत असेल ते आपणच जाणू शकतो. घरातले वाढदिवस विसरू नयेत म्हणून ते स्वतःलाच पोस्टकार्ड टाकीत. त्यांच्या खोलीत पुस्तकांचे आणि कागदांचे इतके ढीग असत की आलेल्या पाहुण्याला बसायला खुर्ची रिकामी नसे.

१८८८ साली त्यांना खोकला लागला. ज्या रीतीने ते इतरांच्या बेडक्यातले जंतू रंगवून बघत, त्याच रीतीने त्यांनी स्वतःचा बेडका तपासला, आणि क्षयाचे जंतू दिसले. तेव्हा क्षयाला औषध नव्हते. हवापालटासाठी ते इजिप्त देशी गेले आणि सुदैवाने बरे होऊन १८८९ साली परतले. नोकरी उरली नव्हती. बर्लिनमध्ये स्वतःची लहानशी प्रयोगशाळा मांडून त्यांनी पुन्हा काम सुरू केले. नंतर कॉख यांनी त्यांना आपल्या संस्थेत बोलावून घेतले.

त्या काळी घटसर्पाने घरोघरची लहान मुले घशात पडदा धरून गुदमरून मरत. बेरिंग या डॉक्टरांनी जनावरांच्या रक्तातील लस घटसर्पावर चालते हे दाखवले होते. पण एका बाटलीत ताकद जास्त, दुसरीत कमी, असे होई. लसीची ताकद बिनचूक मोजायची कशी, हे एर्लिख यांनी ठरवून दिले. १८९४ पासून ती लस मिळू लागली आणि असंख्य आयांच्या मांडीवरची मुले वाचली. शरीर रोगाशी कसे झुंजते यावरील कामासाठी १९०८ सालचे नोबेल पारितोषिक एर्लिख आणि रशियाचे मेचनिकॉफ यांना विभागून देण्यात आले. आपल्याकडे एवढा मान मिळाला की माणूस हारतुरे घेत फिरतो. यांचे मन मात्र दुसऱ्याच गोष्टीत गुंतले होते.

ती गोष्ट अशी. रंग जर ठरावीक पेशीलाच धरतो, तर रोगाच्या जंतूलाच धरेल आणि आपल्या शरीराला सोडून देईल असे विष का सापडू नये? त्यांच्या भाषेत ते त्याला जादूची गोळी म्हणत, म्हणजे बंदुकीतून सुटल्यावर ज्याला लागायची त्यालाच लागणारी. आपल्या भाषेत त्याला रामबाण हाच शब्द आहे. अशा रसायनांनी रोगावर उपाय करण्याच्या पद्धतीला त्यांनी केमोथेरपी हे नाव रूढ केले. आज केमो म्हटले की कर्करोगच डोळ्यांपुढे येतो. पण हा शब्द जन्मला तो जंतूंच्या रोगांसाठी.

पहिला प्रयत्न त्यांनी १८९१ साली केला. मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग हिवतापाच्या जंतूंना धरतो असे त्यांना दिसले होते. म्हणून तो रंगच त्यांनी हिवतापाच्या दोन रोग्यांना औषध म्हणून दिला, आणि दोघेही बरे झाले. पुढे १८९९ साली त्यांची संस्था फ्रँकफुर्ट शहरी हलली. तिथे शिगा या जपानी सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९०४ साली एक तांबडा रंग शोधला. एका जातीच्या जंतूंनी आजारी पडलेले उंदीर त्याने बरे झाले. पण इतर जनावरांत तो गुण तितकासा येईना. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. औषध अपुरे पडले आणि काही जंतू वाचले, तर त्यांची पुढची पिढी त्या औषधाला दाद देत नाही. ताप उतरला की गोळ्या अर्ध्यावर सोडणाऱ्या आपल्या घरातल्या मंडळींनी हे ऐकून ठेवण्यासारखे आहे.

आता सोमलाकडे वळू. सोमलापासून केलेले अ‍ॅटॉक्सिल नावाचे एक औषध होते. त्याच्या नावाचा अर्थच मुळी विष नसलेले असा. १९०५ साली इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे दिसून आले की, आफ्रिकेतील निद्रारोगाच्या जंतूंना ते मारते. पण ते घेणाऱ्या काही रोग्यांची दृष्टी गेली. नाव निर्विष आणि गुण असा! दुसरा कोणी असता तर त्याने सोमलाला रामराम ठोकला असता. एर्लिख यांनी मात्र आल्फ्रेड बर्टहाइम या रसायनतज्ज्ञाच्या मदतीने त्या औषधाची घडण कशी आहे ते १९०७ साली नक्की केले. एकदा घडण कळली की तिच्यात फेरबदल करता येतात. इथला एक धागा काढायचा, तिथे दुसरा घालायचा, आणि प्रत्येक वेळी बघायचे की जंतूला घाव जास्त आणि शरीराला इजा कमी असे कशाने होते. अशी शेकडो रसायने त्यांनी बनवून घेतली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला.

या कामाला पैसा कोठून आला हे आपल्या मंडळाने मुद्दाम लक्षात ठेवावे. फ्रँकफुर्टमध्ये फ्रान्झिस्का श्पायर नावाच्या एक श्रीमंत विधवा बाई होत्या. त्यांचे पती गेओर्ग श्पायर हे सावकारी पेढीचे मालक. त्यांच्या स्मरणार्थ बाईंनी मोठी देणगी दिली आणि १९०६ साली एर्लिख यांच्यासाठी गेओर्ग श्पायर यांच्याच नावाची स्वतंत्र संशोधनसंस्था उभी राहिली. पतीच्या नावाने एका बाईने केलेल्या या दानातून जगाला औषध मिळाले. तिथे मार्था मार्क्वार्ट या त्यांच्या चिटणीस होत्या. एर्लिख रोज प्रत्येक सहकाऱ्यासाठी रंगीत चिठ्ठ्यांवर त्या दिवसाचे काम लिहून पाठवीत. ते सारे कागद मार्थाबाईंनी सांभाळले आणि पुढे त्यांचे चरित्रही लिहिले. म्हणून आज आपल्याला एवढे कळते.

ज्या रोगासाठी हे औषध कामी आले त्याचे नाव आपण चारचौघींत घेत नाही. पण मी घेणार आहे, कारण त्याचे चटके बायकांनीच जास्त सोसले. गरमी किंवा उपदंश तो हाच. नवरा बाहेरून रोग आणी आणि घरात बसलेल्या निष्पाप बायकोला देई. तिची मुले पोटातच जात किंवा जन्मतः रोगी निघत, आणि दोष मात्र तिच्या नशिबाला लावला जाई. शेवटी शेवटी हा रोग मेंदूत जाऊन माणूस वेडा होई. शेकडो वर्षे त्यावर उपाय म्हणजे पारा. त्याने दात हलत, तोंड येई, आणि रोगाची खात्री काही देता येत नसे. १९०५ साली या रोगाचा जंतू सापडला. तो मळसूत्रासारखा पिळदार असतो.

१९०९ साली जपानहून साहाचिरो हाता नावाचे डॉक्टर एर्लिख यांच्याकडे आले. सशांना हा रोग लावून अभ्यास करण्याची हातोटी त्यांना साधली होती. एर्लिख यांनी त्यांना सगळी जुनी रसायने पुन्हा पहिल्यापासून तपासायला सांगितली. त्यात ६०६ क्रमांकाचे रसायन होते. ते दोन वर्षांपूर्वीच तयार झाले होते आणि आधीच्या एका मदतनिसाने निरुपयोगी म्हणून बाजूला टाकले होते. हाता यांनी ते रोगी सशाला टोचले. दुसऱ्या दिवशी व्रणात जिवंत जंतू दिसेना, आणि थोड्याच आठवड्यांत व्रण भरून आले. एकाने टाकून दिलेले दुसऱ्याने चिकाटीने पुन्हा निवडले. तांदूळ निवडताना खडा म्हणून टाकलेला दाणा पुन्हा उचलून बघावा, तसे हे झाले.

माणसाला टोचण्याआधी दोन तरुण डॉक्टरांनी आपण होऊन ते स्वतःला टोचून घेतले. १९ एप्रिल १९१० रोजी वीसबाडेन येथील वैद्यपरिषदेत ६०६ ची हकीकत जाहीर झाली. मग जगभरातून डॉक्टर आणि रोगी फ्रँकफुर्टला लोटले. एर्लिख यांनी औषध लगेच बाजारात आणू दिले नाही. सुमारे ६५,००० मात्रा त्यांनी डॉक्टरांना फुकट वाटल्या, आणि त्या बदल्यात प्रत्येक रोग्याचे काय झाले याचा अहवाल मागितला. १९१० सालच्या डिसेंबरात होक्स्ट कंपनीने ते साल्व्हर्सान या नावाने विक्रीस काढले.

हे औषध वापरायला मोठे किचकट होते. पिवळसर पूड हवा काढलेल्या काचेच्या नळीत बंद असे, कारण हवा लागली की ती बिघडे. ती ताज्या शुद्ध पाण्यात काळजीपूर्वक विरघळवून टोचावी लागे. सुई शिरेबाहेर गेली तर मांस सडे. काहींना ताप भरे, आणि काही रोगी दगावलेही. एर्लिख यांनी हे झाकून ठेवले नाही. प्रत्येक वाईट बातमी ते स्वतः वाचीत. पाणी शिळे होते का, मात्रा चुकली का, रोगी आधीच फार खंगलेला होता का, हे पत्रे लिहून विचारीत. या काळजीने त्यांची झोप उडाली. १९१२ साली त्यांनी पाण्यात सहज विरघळणारे आणि त्रास कमी देणारे दुसरे औषध काढले. त्याचा क्रमांक ९१४.

तरी त्यांच्यावर चिखलफेक झालीच. कोणी म्हणाले, पैशासाठी विष विकतो. कोणी म्हणाले, पापाची शिक्षा देवाने ठरवली, ती हा माणूस टाळू पाहतो. कोणी त्यांच्या ज्यू धर्मावर घसरले. १९१४ साली एका लेखकाने आरोप केला की, फ्रँकफुर्टच्या इस्पितळात गरीब पतित बायकांना जबरदस्तीने हे औषध टोचतात. खटला उभा राहिला. एर्लिख यांना साक्षीला उभे राहावे लागले. अखेर लेखकाला बदनामीबद्दल तुरुंगवासाची शिक्षा झाली. पण या साऱ्याने एर्लिख खचले. त्याच वर्षी फ्रँकफुर्टला नवे विद्यापीठ निघाले, तेव्हा कुठे साठाव्या वर्षी त्यांना पूर्ण प्राध्यापकाची जागा मिळाली. पाठोपाठ पहिले महायुद्ध पेटले. त्यांचा उजवा हात बर्टहाइम यांना सैन्यात बोलावणे आले, आणि बुटांच्या काट्यांत पाय अडकून जिन्यावरून पडून ते वारले. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग या गावी हृदयविकाराने एर्लिख यांचा अंत झाला. वय एकसष्ट.

त्यांच्या मागे हेडविगबाईंच्या नशिबी काय आले तेही सांगितले पाहिजे. हिटलरच्या राजवटीत ज्यू म्हणून फ्रँकफुर्टमधील रस्त्याला दिलेले एर्लिख यांचे नाव पुसून टाकण्यात आले. ज्याने त्या देशाची मुले घटसर्पातून वाचवली त्याच्या म्हाताऱ्या विधवेला देश सोडावा लागला. १९४८ साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले. युद्ध संपल्यावर जर्मनीला उपरती झाली. औषधे आणि लसी तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेला एर्लिख यांचे नाव आहे, आणि १९९० च्या सुमारास निघालेल्या २०० मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. माणसाचा मान करायला लोकांना असा उशीर होतो.

१९४३ नंतर गरमीवर पेनिसिलीन आले आणि ६०६ चे दिवस संपले. यातही एक गंमत आहे. पेनिसिलीन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग हे लंडनमध्ये अगदी सुरुवातीला ६०६ टोचणाऱ्या डॉक्टरांपैकी एक होते. विष नेमके जंतूला लागावे ही दृष्टी पुढच्या सगळ्यांनी एर्लिख यांच्याकडून घेतली.

कर्करोगावरही त्यांनी १९०१ पासून उंदरांत पुष्कळ अभ्यास केला. पण त्यावर औषध त्यांना सापडले नाही. अडचण अशी की, जंतू हा परका असतो, त्याची घडण आपल्याहून निराळी. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच घरातली, वळण सुटलेली. तिला ओळखून वेगळे मारायचे कसे? ते कोडे सुटायला फार वर्षे लागली. १९७० च्या दशकात चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांनी एका गावठी औषधातला सोमल वेगळा काढून शुद्ध केला, आणि रक्ताच्या कर्करोगातल्या एका प्रकाराला तो लागू पडतो हे दाखवले. २००० साली अमेरिकेच्या सरकारनेही त्याला मान्यता दिली. माझ्या जावेला झालेला प्रकार तोच.

हा सोमल काम कसे करतो ते मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांनी समजावले ते असे. पेशीत काम करणारे जे पदार्थ असतात त्यांपैकी पुष्कळांत गंधक असते. सोमलाला गंधकाची ओढ. तो तिथे चिकटून बसतो आणि पेशीचे काम अडते. पेशीत रोज थोडा गंज धरतो आणि ती तो रोज साफ करते. सोमल आला की ही साफसफाई अडते आणि गंज साचू लागतो. चांगल्या पेशीत तो भार सोसण्याची थोडी जास्त ताकद असते, रोगट पेशी मात्र आधीच टेकीला आलेली असते. या विशिष्ट कर्करोगात तर पेशीला बिघडवणारा जो एक वाकडा पदार्थ असतो, त्यालाच सोमल जाऊन धरतो आणि त्याचा नाश घडवतो. मग अर्धवट राहिलेल्या पेशी नीट वाढीला लागतात किंवा मरून जातात. सोमल पेशीतल्या कोणत्या तरी खास जागेला धरत असावा, असा अंदाज एर्लिख यांनी त्यांच्या काळीच बांधला होता. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या ६०६ ची खरी घडण २००५ साली न्यूझीलंडमधील रसायनतज्ज्ञांनी उलगडली. आपल्या औषधाचे खरे रूप न कळताच ते गेले, पण रोग्यांवरचा त्याचा परिणाम त्यांनी एकेक करून मोजला होता.

मोजणे हाच शब्द मला त्यांच्या चरित्रातून मिळाला. जावेला औषध चालू असताना मी रोज पाहत होते. औषध थेंब थेंब दोन तास चाले. अधूनमधून छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढत. रक्त तपासत. आकडा बरोबर नसला की औषध थांबवत आणि बसला की पुन्हा सुरू करत. पहिला मुक्काम महिन्याच्या वर गेला. पुढे चार आठवडे औषध आणि चार आठवडे विसावा असे महिनोन्‌महिने चालले. कोनाड्यातल्या पुडीत आणि त्या बाटलीत सोमल एकच, पण बाटलीच्या मागे शंभर वर्षांचे मोजमाप उभे होते. सासूबाईंना हे पटले तेव्हा त्या स्वतः डबा घेऊन इस्पितळात येऊ लागल्या. सुनेला घास भरवताना त्या बाटलीकडे बघून नमस्कार करीत.

म्हणून हात जोडून एक सांगणे. कोणी वैदू, बुवा किंवा ओळखीचा माणूस सोमलाची पुडी वा भस्म कर्करोगावर म्हणून देऊ लागला तर घेऊ नका. न मोजलेला सोमल हा विषच. आणि मोठ्या इस्पितळात तपासून, मोजून दिलेले औषध विष म्हणून नाकारूही नका. आम्ही ते त्या रात्री नाकारले असते, तर आज मी हे लिहायला बसले नसते.

यंदाच्या संक्रांतीला माझी जाऊ मंडळाच्या हळदीकुंकवाला आली होती हे तुम्ही पाहिलेच. केस पहिल्यासारखे दाट आहेत, रक्त दर काही महिन्यांनी तपासावे लागते, आणि आतापर्यंत ते चांगले आले आहे. तिळगूळ देताना तिच्या हाताला हळद लागली होती, आणि ती माझ्या नव्या पातळाला लागली. तो डाग मी अजून काढलेला नाही.